कामाच्या वाटेवरील अपघात आणि मालकाचे उत्तरदायित्व

नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ४ एप्रिल २०२५ रोजी शेतमजूर महिलांना कामावर घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणींचा मृत्यू झाला. त्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज (ता. वसमत) येथील होत्या. मृतांच्या वारसांना राज्य शासनाने प्रत्येकी पाच लाख, तर केंद्राने दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. मात्र अशी मदत ही शासनाची सहानुभूती असते. मालकाकडून मिळणारी नुकसानभरपाई हा त्याहून वेगळा, कायद्याने दिलेला हक्क आहे; आणि तोच बहुधा सांगितला जात नाही.

या हक्काचा आधार म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. २०१० पासून तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात घडला, एवढे दाखविणे त्यात पुरेसे असते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ट्रॅक्टर अथवा अन्य यंत्राच्या साह्याने होणाऱ्या शेतीतील मजूरही त्याच्या अनुसूचीत आहेत. कामगार मद्यधुंद होता, ही सबब मृत्यूच्या प्रकरणात चालत नाही.

खरा वाद होतो तो वाटेवरील अपघाताचा. लातूरला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला दुचाकीवरून निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात त्याचा मृत्यू झाला. आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये व १२ टक्के व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघाताचा वेळ, स्थळ व परिस्थिती यांनुसार नोकरीशी संबंध जुळत असेल, तर तो कामावरचाच अपघात होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. कुटुंबाला त्यासाठी बावीस वर्षे थांबावे लागले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना कायदा विलीन झाला असून, प्रवासाची ही तरतूद तीत स्पष्टपणे आली आहे.

जुन्या कायद्याच्या सूत्रानुसार मृत्यूसाठी वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. चाळीस वर्षांच्या, दरमहा १२ हजार रुपये मिळविणाऱ्या व्यक्तीसाठी गुणक १८४.१७, म्हणजे भरपाई ११ लाख ५ हजार २० रुपये. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. गावातील बैठकीत परस्पर मिटविलेला व्यवहार, तीन महिन्यांच्या वेतनाएवढ्या आगाऊ रकमेपलीकडे, भरपाई म्हणून ग्राह्य धरला जात नाही. हक्क सोडल्याचा करारही निरर्थक ठरतो.

दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तो वारस जेथे राहतात त्या भागातील आयुक्तांकडेही दाखल करता येतो. त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज नाही.