धनुष्याच्या दोरीपासून अठरा अंशांच्या ज्येपर्यंत

जंबूद्वीप वर्तुळाकार असून त्याच्या दक्षिण कडेचे भरतक्षेत्र धनुष्याच्या आकाराचे आहे, हे वर्णन जैन समाजातील आबालवृद्धांच्या परिचयाचे आहे. अशा क्षेत्राचे मान सांगण्यासाठी प्राचीन आचार्यांनी वर्तुळखंडाचे गणित मांडले. धनुष्याची दोरी ती जीवा. दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर तो बाण. तत्त्वार्थाधिगमसूत्राच्या भाष्यात जीवेचा नियम आहे : व्यासातून बाण वजा करावा, बाकीस बाणाने व चाराने गुणावे आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे.

बाण व्यासाच्या चतुर्थांशाइतका घेतल्यास या नियमाने जीवेचा वर्ग व्यासाच्या वर्गाचा तीन-चतुर्थांश येतो. या जीवेचे अर्ध म्हणजे ६० अंशांची ज्या, शाळेतील भाषेत साइन. त्रिज्या १ मानल्यास ती √३/२ भरते. विद्यार्थी कोष्टकातून पाठ करतो ती किंमत अशी आकृतीतूनच सिद्ध होते.

पूर्ण जीवेऐवजी अर्धजीवा घेऊन आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ज्यांची मांडणी केली. त्रिज्या ३४३८ कला धरल्यावर ३० अंशांची ज्या १७१९, म्हणजे बरोबर निम्मी येते. ३० अंशांची ज्या षट्कोनातून व ४५ अंशांची चौरसातून सहज मिळते. १८ आणि ३६ अंशांचा संबंध मात्र पंचकोनाशी असल्याने तेथे खरी कसोटी होती.

भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथात 'ज्योत्पत्ती' प्रकरण आहे. त्यात नियम आहे की, त्रिज्येच्या वर्गाच्या पाचपटीच्या वर्गमूळातून त्रिज्या वजा करून चाराने भागिले असता १८ अंशांची ज्या मिळते. दोन कोनांच्या बेरीज-वजाबाकीचे नियमही तेथेच आहेत. त्यांच्या साहाय्याने १८ व १५ अंशांपासून ३ अंशांची ज्याही काढता येते.

परंतु हा नियम खरा कशावरून? आजच्या बीजगणिताने त्याचा ताळा असा पटतो. १८ ची दुप्पट ३६ व तिप्पट ५४. दोहोंची बेरीज ९०. म्हणून ३६ अंशांची ज्या ५४ अंशांच्या कोज्येइतकी असते. १८ अंशांची ज्या 'क्ष' मानून दुप्पट व तिप्पट कोनांची सूत्रे लाविली आणि दोन्ही बाजूंस असलेली १८ अंशांची कोज्या काढून टाकली की ४क्ष² + २क्ष = १ एवढेच उरते. याचे धन उत्तर (√५ − १)/४. भास्कराचार्यांचा नियम तंतोतंत हेच सांगतो.

आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढे काशीत कमलाकराने १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' ग्रंथात ज्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या नियमांची उपपत्ती दिली. आचार्यांविषयी आदर होता, तरी सिद्धता टाळली गेली नाही.

वडिलांच्या हातची खतावणी असली, तरी जाणता वारस बेरीज पुन्हा घालून पाहतो. तो अविश्वास नव्हे. तोच वारसा खऱ्या अर्थाने स्वीकारणे होय. नव्या पिढीच्या हाती सूत्रांबरोबर त्यांची सिद्धताही दिली, तरच ही ज्ञानपरंपरा जिवंत राहील.