सासूबाईंच्या ओव्या आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या महिन्यात आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कायमचा गप्प झाला. ह्यांनी हौसेने घेतलेला, चाळीस वर्षं इमानेइतबारे गायला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि "याचे पार्ट आता मिळत नाहीत, आजी" म्हणून पुन्हा लावून टाकलं. नातू म्हणाला, "स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायर घे. वाय-फायवरून थेट वाजतं. कॅसेटी नकोत, सीडी नकोत. जगातलं सगळं संगीत असतं त्यात."

'सगळं' हा शब्द ऐकला की इतिहासाच्या शिक्षिकेचे कान टवकारतात. जे नोंदलं गेलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं, आणि काय नोंदायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. आवाजाचा इतिहासही याला अपवाद नाही.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. पुढे बर्लिनरने सपाट तबकडी आणली. १९०२ मध्ये गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कोलकात्यात आला आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायल्या. मायक्रोफोन नव्हता, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा. ज्यांना जमलं त्यांचे आवाज राहिले. ज्यांना जमलं नाही, किंवा ज्यांना कंपनीने बोलावलंच नाही, त्यांचे गेले.

अ‍ॅम्प्लिफायरचं मूळ सापडतं १९०६ मध्ये, ली डी फॉरेस्टच्या व्हॉल्व्हमध्ये. तत्त्व साधं आहे. नळाची तोटी बोटाने जराशी फिरवली की पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो, तसा अगदी क्षीण विद्युतप्रवाह मोठ्या प्रवाहाला आपल्या तालावर नाचवतो. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि हे व्हॉल्व्ह ध्वनिमुद्रणात आले आणि हळू गाणाऱ्यांचीही सोय झाली. माझ्या लहानपणीचा रेडिओ व्हॉल्व्हचाच. बटण फिरवून तो तापेपर्यंत वाट पाहायची, मग बुधवारी रात्री आठला सिलोनवरून बिनाका गीतमाला! १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर लागला आणि पुढे व्हॉल्व्ह मागे पडले. आजचे 'क्लास डी' अ‍ॅम्प्लिफायर तर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, म्हणून कमी तापतात आणि एवढ्याशा डब्यात मावतात.

१९४८ मध्ये एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. पण माझ्या मते खरी क्रांती १९६३ च्या कॅसेटची. घरी ध्वनिमुद्रण स्पूलवर आधीही होई, पण ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. कॅसेटमुळे साध्या घरातला माणूसही काय नोंदायचं ते स्वतः ठरवू लागला.

आमच्याकडे ह्यांनी १९८३ साली एक कॅसेट भरली. गावात गिरणी आलेली होती, तरी सासूबाई मेतकूट घरच्या जात्यावरच दळत आणि दळताना ओव्या म्हणत. ह्यांनी टेपरेकॉर्डर दाराआड ठेवला. नंतर ऐकवलं तर म्हणाल्या, "ही कोण म्हातारी?" ओव्यांत त्यांचं माहेर होतं, भाऊ होता, लहानपणी गेलेली एक मुलगी होती. त्या मुलीबद्दल मला तोवर काहीही ठाऊक नव्हतं. आणि मध्येच माझा आवाज, जरा चिडकाच, "आवरा आता, चहा निवतोय."

मी त्या काळात वर्गात इतिहासाची साधनं शिकवत होते. घरातलं साधन जात्यापाशी बसलेलं होतं आणि मी त्याला चहा प्यायला उठवत होते. त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलंच. १९८९ मध्ये सासूबाई गेल्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढं मोठं काम! पण आमच्या सासूबाई त्यात नाहीत, आणि नातवाच्या 'सगळं' मध्ये तर नाहीतच. तिथे कंपनीने करार केलेलं असतं आणि करार संपला की निघूनही जातं. कर्ण्यापाशी कुणाला उभं करायचं हे पुन्हा दुसराच कुणी ठरवतो.

तर आम्ही दुकानात गेलो. विक्रेता हाय-रेझोल्यूशनचे आकडे सांगू लागला. मी म्हटलं, बाळा, माणसाला जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यातलं वरचं बरंचसं आधीच गेलेलं असतं. तू डबा उलटा करून दाखव. एक फार देखणा होता, पण मागे जुनं यंत्र जोडायची जागाच नाही. दुसऱ्याला लाल-पांढरी तोंडं होती, शिवाय रेकॉर्ड प्लेअरचं वेगळं तोंड. ते वेगळं लागतं, कारण सुईचा संदेश कॅसेट-डेकच्या मानाने फारच क्षीण असतो. आम्ही तो दुसरा घेतला. थोडा महाग पडला.

डेकचा पट्टा बदलून घेतला. पहिल्या दिवशी नातवाने त्याचं काहीतरी धडाडधूम लावलं, तेही छान वाजलं. मग कॅसेट. आधी खरखर, मग जात्याची घरघर, मग सासूबाई. नातू मोबाइल खाली ठेवून ऐकत बसला. माझा चिडका आवाज आला तेव्हा हसला. नंतर म्हणाला, "आजी, त्या मुलीचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही.

आता ती कॅसेट त्याने संगणकावर उतरवली आहे, तीन ठिकाणी ठेवली आहे. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी असेल. फिती कायम टिकत नाहीत, बुरशी धरते. काढून ऐका. आणि ज्यांचा आवाज आहे त्या व्यक्ती अजून असतील, तर चहा निवला तरी चालेल, आधी विचारून घ्या.