खेळांचे वेषांतर

भालकीच्या बाजारात पुठ्ठ्याचा एक घडीचा पट विकत मिळतो. त्याच्या एका अंगास लुडो छापलेला असतो व दुसऱ्या अंगास सापशिडी. सोबत चार रंगांच्या सोंगट्या आणि एक फासा. बीदर जिल्ह्यातील हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व पुढे त्याच नावाच्या राज्यात होते. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा येथे शेजारीपाजारी नांदत आल्या आहेत, त्यामुळे एकाच वस्तूला दोन-तीन नावे असली तर कोणास नवल वाटत नाही. मराठी घरातील सारीपाट कन्नड घरात पगडे होतो, एवढेच. परंतु लुडो हे नाव या तिन्ही भाषांतील नव्हे. श्रोतेहो, हे दोन्ही खेळ आपल्याच देशातून विलायतेस गेले, तेथल्या माणसांच्या सोयीने बेतले गेले आणि नव्या वेषात आपल्या घरी परत आले. आपण त्यांना ओळखलेही नाही.

एका देशाचा खेळ दुसऱ्या देशात रुजवावयाचा तर नुसते नाव बदलून भागत नाही. काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे हे कोणाला तरी ठरवावे लागते, आणि त्या निवडीत त्या समाजाचे मन फार स्वच्छ दिसते.

पचिसीचेच पाहा. पंचवीसच्या दानावरून हिला नाव मिळाले. चौघे खेळतात, पण दोघे-दोघे भिडू होऊन समोरासमोर बसतात. आपल्या सर्व सोंगट्या घरी पोचल्या तरी भिडूच्या वाटेत असतील तोवर डाव जिंकला जात नाही. म्हणून जाणता खेळगडी पुष्कळदा आपली सोंगटी मुद्दाम मागे ठेवतो. अमेरिकेत हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला तो नाव थोडे मोडून, पार्चिसी म्हणून. इंग्लंडात १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले तेव्हा मात्र कवड्या गेल्या, फासा आला, आणि भिडूही गेला; ज्याचा तो आपल्यापुरता धावू लागला. लुडो या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी खेळतो’ असा आहे. नाव ठेवणाऱ्याने जाणून ठेवले असो वा नसो, बदललेल्या खेळाला ते तंतोतंत शोभते.

सापशिडीची कथा याहून खोल आहे. तिचे मूळ रूप मोक्षपट किंवा ज्ञानचौपट. हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला असे महाराष्ट्रात मोठ्या श्रद्धेने सांगतात. पण त्याला तेराव्या शतकातला आधार नाही, आणि आज उपलब्ध असलेले पट अठराव्या शतकाच्या फारसे मागे जात नाहीत. जैनांचा पट ८४ घरांचा, वैष्णवांचा ७२ किंवा १२४ घरांचा. सूफी मंडळींनीही आपला १०१ घरांचा पट केला. म्हणजे विलायतेस जाण्यापूर्वीच हा खेळ याच भूमीत पंथापंथाप्रमाणे वेष बदलीत होता. प्रत्येक घरात एखाद्या गुणाचे, दोषाचे वा लोकाचे नाव. गुणाच्या पायी शिडी, दोषाच्या माथी सापाचे तोंड, आणि शिड्यांपेक्षा साप अधिक, कारण चढण्यापेक्षा पडणे सोपे.

यातला खरा मर्म मात्र निराळाच आहे. ७२ घरांच्या प्रचलित पटावर वैकुंठ शेवटच्या घरात नसते. ते ६८ व्या घरात, वरच्या ओळीत असते. दान अचूक पडले तर तेथे थांबावयाचे. जास्त पडले तर सोंगटी पुढे सरकते, आणि ७२ व्या घरात तमोगुणाचा साप वाट पाहत असतो; तो तिला थेट पृथ्वीवर आणून सोडतो. सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत उंच पद नव्हे, हे लहान पोरालाही न सांगता कळावे अशी ही योजना आहे.

पेशवाई बुडाल्यावर पुण्यास कलेक्टर असलेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी असा एक पट १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिला. तो शास्त्र्यांचा स्वर्गनरकाचा खेळ म्हणून तेथे ओळखला गेला. पुढे साठ वर्षांनी, १८९० च्या सुमारास, इंग्लंडात सापशिडी छापून विकली जाऊ लागली. आरंभीच्या विलायती पटांवरही नीतिपाठ होता, पण तो तेथला: काटकसर केली की भरभराट, आळस केला की दारिद्र्य. सापांची व शिड्यांची संख्या जुळती करण्यात आली. वैकुंठ गेले आणि शेवटचे घर हेच विजयाचे घर झाले. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ मध्ये सापही काढून टाकले. मुले भितात म्हणून त्यांच्या जागी बागेतल्या घसरगुंड्या आल्या.

याला निव्वळ इंग्रजांचा करंटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. खेळ परक्या घरी नेणारा प्रत्येक जण प्रथम श्रद्धेच्या जागी कात्री लावतो. जपानी संगणकी खेळ अमेरिकेत जाऊ लागले तेव्हाही हेच घडले. ‘फायनल फँटसी’ या मालिकेचा सहावा भाग टेड वूल्सी या भाषांतरकाराने १९९४ मध्ये इंग्रजीत आणला. यंत्राची स्मृती तोकडी. जपानी लिपीत दोन-तीन अक्षरांत मावणारी गोष्ट इंग्रजीत तिप्पट जागा मागे, म्हणून संवाद छाटावे लागले. ते समजण्याजोगे आहे. परंतु निन्टेंडो कंपनीला अमेरिकेतील आपल्या खेळांत धर्माची व मद्याची चिन्हे नको होती. तेव्हा ‘पवित्र’ या अर्थाच्या नावाचा मंत्र ‘मोती’ झाला, आणि मद्यगृहाचे कॉफीगृह झाले. वैकुंठाच्या जागी नुसता आकडा आला, त्याच जातीचा हा फेरफार.

कित्येकदा बदल करणारा परका नसतोच. १८१४ मध्ये मुंबईस बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक निघाले. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी आपल्याच संस्कृत ग्रंथातील डाव युरोपीय पद्धतीस अनुसरून त्यात मांडले होते. हे सोपे काम नव्हे. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चालते. शेवटच्या घरी पोचले की ज्या मोहऱ्याची ती पट्टी, तेच मोहरे होते. आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असते. यांतला एक नियम बदलला तरी दहा खेळ्यांपुढची मात निसटते. शास्त्रीबुवांना डाव नुसते उतरवून भागले नसते. परक्या नियमांत ते टिकतात की नाही हे पारखावे लागले असणार. त्यांचे ऋण आपल्याकडे फारसे कोणी मानलेले नाही.

उलट दिशेचा व्यापार आपणही केला आहे. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ फारसी राजदरबारांतून आपल्याकडे आला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंग व ९६ पाने. रंगांची नावे ताज, तलवार, गुलाम अशी. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी जो दशावतारी गंजिफा रंगविला, त्यात ताज-तलवार जाऊन मत्स्य, कूर्म, वराह आले. एका रंगाला राजा, प्रधान व दहा साधी पाने अशी बारा पाने लागतात. अवतार दहा, रंग मात्र आठ. खेळ आटोपशीर राहावा म्हणून कोणी दोन अवतार गाळले नाहीत, २४ पाने वाढविली आणि गंजिफा १२० पानांचा झाला.