दूरचे युद्ध आणि ‘जनता’ची पाने

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटली की चहाच्या टपरीवर एकच वर्तमानपत्र चौघे वाटून वाचतात. युक्रेनच्या बातमीशेजारी जयंती मंडळाची बैठक असते, निधनवार्ता असते. येथील टॉवेल परदेशी जातात; त्यामुळे दूरच्या युद्धाची बातमी येथे केवळ कुतूहलाची नसते. मागणी थांबली की माग थांबतो. हे पाहताना आम्हांस एक जुना प्रश्न पडतो : ज्या युद्धांत आपलीच माणसे गेली, त्यांची वार्ता आपल्या वस्तीत कोणी आणली?

पहिल्या महायुद्धापुरते उत्तर खेदजनक आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढले, लष्करभरती पुन्हा खुली व्हावी म्हणून १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्जही केला; परंतु ते पत्र फार काळ चालले नाही. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली व १९२१ मध्ये मोडली गेली. ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला तो ३१ जानेवारी १९२० रोजी, युद्ध थांबून सव्वा वर्ष होत आल्यावर. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे वाचकांस ठाऊकच आहे. सारांश, पलटण होती, पत्र नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात मात्र १९३० साली सुरू झालेले ‘जनता’ हाताशी होते. १९४१ हे वर्ष येथे बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्या जुलैत बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. १ ऑक्टोबर रोजी बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने महार वतनांवरील जुडी वाढविल्याविरुद्ध सिन्नरला परिषद भरली. म्हणजे ज्या सरकारच्या फौजेत मुलगा धाडावयाचा, त्याच सरकारशी बापाने जमिनीसाठी झगडावयाचे! आमच्या मते यात विसंगती नाही. नाझी विजय हे मानवी समतेवरील संकट आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आणि गावकीचा जाच त्यांनी क्षणभरही नजरेआड केला नव्हता. चळवळीच्या पत्राला ही दोन्ही रणे एकाच वाचकापुढे मांडावी लागत. शिवाय युद्धकाळात कागदावरही नियंत्रण आले होते.

सोलापूरच्या गिरणी कामगाराला युद्ध कळले ते आणखी एका वाटेने : रेशन, महागाई भत्ता, प्रमाणित कापड. वाचता येणारा एकजण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. त्या ऐकणाऱ्यांच्या नोंदी कोणत्याही दप्तरात नाहीत.

म्हणून आमची विनंती अशी की, ज्यांच्या घरी आजोबांची पलटणीतील पत्रे, पेन्शनचे कागद किंवा ‘जनता’चे जीर्ण अंक असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या विहारातील ग्रंथालयात एकवार दाखवावेत, नक्कल करून मूळ कागद परत घेऊन जावेत.