मतपेटी आली, सवाल आला नाही

१८७१ साली जर्मनीने आल्सास-लोरेन फ्रान्सपासून तोडून घेतला. रहिवाशांना कोणी विचारले नाही. १८७४ साली तेथे राइशस्टागची पहिली निवडणूक झाली, तेव्हा १५ च्या १५ जागा सामिलीकरणाच्या विरोधकांनी जिंकल्या. जनतेचा कौल घ्यावा, ही त्यांची मागणी बर्लिनच्या सभागृहाने फेटाळली. १८९३ साली स्ट्रासबुर्गने आउगुस्ट बेबेलला निवडून दिले. हा कामगारपुढारी जर्मनच. पण सामिलीकरणाला त्याने आरंभापासून विरोध केला होता आणि तुरुंगवासही भोगला होता. १९१८ साली प्रांत फ्रान्सकडे परतला. कौल तेव्हाही घेतला नाही. आम्ही कामगार यातून एवढेच शिकतो : मताचा हक्क मोठा खरा, पण मतपत्रिकेवर सवाल कोणता असावा, हे ठरविण्याचा हक्क त्याहून मोठा!