मुका बैल, बोलका ससा

फाटक्या मोज्याचा ससा, कागदी पिशवीचा हत्ती, काडेपेट्या ओवून केलेला साप असले उद्योग शाळेत सुरू झाले की पालकांमध्ये दोन मतं ठरलेली असतात. एका मताप्रमाणे हे इंग्रजी शाळांनी आणलेलं खूळ. दुसऱ्या मताप्रमाणे यात नवं काहीच नाही, आपल्याकडे पोरं पिढ्यान् पिढ्या मातीचे बैल करत आली आहेत. दोन्ही मतं अर्धी खरी आहेत, आणि अर्धं खरं असलेलं मत खोडून काढायला जास्त कष्ट पडतात. घरात सापडेल त्यातून जनावर घडवणं महाराष्ट्रात नक्कीच जुनं आहे. पण मुलाने स्वतः घडवलेल्या जनावराला स्वतःच बोलतं करायचं, ही गोष्ट विसाव्या शतकातली आहे.

आधी बैल पाहू. बेंदूर असो की पोळा, ज्यांच्या दावणीला बैल नाही त्या घरीही मातीची जोडी पुजली जाते. ती कुंभाराकडून येते, नाहीतर पोरं ओढ्याकाठची चिकणमाती आणून घरीच करतात. असा बैल नीट न्याहाळला तर करणाऱ्याचं लक्ष कुठे होतं ते कळतं. पाय आखूड आणि जाड, कारण पाटावर तो कलंडता कामा नये. वशिंड ठसठशीत, शिंगं बाकदार, पाठ झूल पडेल इतकी रुंद. तोंड मात्र दोन बोटांच्या चिमटीत दाबून पुढे काढलेलं टोक, एवढंच. सणाबाहेरही हात रिकामे नसत. ज्वारीच्या चिपाडाची साल सोलायची, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्याच काड्या टोचून ते जोडायचे, की बैलगाडी तयार. साहित्य फुकटचं, हत्यार म्हणजे दात आणि नखं. हा बैल ओढायचा, हाकायचा, पण त्याला हाकणारा बोलतो. बैल मुकाच राहतो.

यावर पहिला आक्षेप पुराणवस्तूंच्या जाणकारांकडून येईल. मोहेंजोदडोला मान डोलवणारी मातीची जनावरं सापडली आहेत. धड वेगळं, डोकं वेगळं, आणि दोरी ओढली की मान हलावी अशी सोय. मग हलतं जनावर नवं कसं? शिवाय आपल्याकडेच नागपुरात तान्हा पोळा आहे. तो दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं तिथे मानतात. चाकांवरचे लाकडी बैल ओढत मुलं घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. आक्षेप रास्त आहे, पण हलणं आणि बोलणं यांत अंतर आहे. मान डोलली तरी ते जनावर कुणाशी संवाद करत नाही, आणि चाकांवरचा बैल मिरवण्यासाठी असतो. उलट इनामगावचा पुरावा पाहिला की या मूर्तींकडे निव्वळ खेळणी म्हणून पाहणंही धोक्याचं वाटतं. पुणे जिल्ह्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कच्च्या मातीचा एक बैल आणि एक शिरविहीन स्त्रीमूर्ती मिळाली. बैलाच्या पाठीला भोक आणि मूर्तीच्या पोटाला भोक, म्हणजे काडी घालून मूर्ती बैलावर बसवता यावी. जोडायची युक्ती अगदी पोराटोरांची, पण वस्तू देवघराची. पोळ्याचा बैलही सकाळी देव आणि संध्याकाळी खेळणं असतो. ज्याला नैवेद्य दाखवायचा त्याच्या तोंडून आपण बोलावं, हे सुचायला जागाच कमी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडची जनावरं बोलत नव्हती कुठे? शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी कोण जाणे किती पिढ्या बोलत आली आहेत. खरं आहे, पण त्यांचा आवाज आजीच्या तोंडून येई आणि त्या पाखरांना शरीर नव्हतं. आजी गोष्ट सांगताना हातात कापडाची चिमणी धरून बसलेली आपल्याला आठवत नाही. हात कुडत्याला टाका घालत असतील किंवा पोराला थोपटत असतील. म्हणजे घडवलेलं जनावर मुकं आणि बोलणारं जनावर बिनदेहाचं, दोन्ही एकाच ओसरीवर नांदत होती, पण त्यांची गाठ पडत नव्हती.

जिथे ती पडत होती, तिथे मुलांना शिरकाव नव्हता. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवत, चित्रकथीचे पट उलगडून रामायण सांगत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. तिथे माकडं, राक्षस, मृग सगळे बोलतात. पण ते बोलतात ते पडद्याआडच्या माणसाच्या गाण्यातून, आणि ती बाहुली ही घराण्याची ठेव. ठाकरांची मुलं ती घरातच शिकत. प्रेक्षकांतली मुलं लांबून बघत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ही ठेव टिकवल्याबद्दल, आणि ते योग्यच झालं. मात्र याच कलेतून शाळेतला मोज्याचा ससा जन्मला असं म्हणणं म्हणजे उगाच वंशावळ जोडणं आहे.

मग गाठ घातली कुणी? माझ्या मते बालशिक्षणाने, आणि तीही एका दमात नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून गिजुभाई बधेकांनी गोष्टीला आणि ती मुलांनी करून दाखवण्याला मान दिला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम उभं केलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांत परवडणार नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, बांबू हेच शिक्षणसाहित्य झालं. हा बदल निव्वळ काटकसरीचा नव्हता. १९३७ च्या वर्धा योजनेतही हातकाम होतंच, पण तिथे टकलीवरच्या सुताला मोल होतं. बालवाडीतल्या बियांच्या माळेला बाजारात काहीच किंमत नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षाही नव्हती. मुलाने केलेली निरुपयोगी वस्तू शाळेच्या वेळापत्रकात बसली ती इथे. १९७९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राने राज्याराज्यांतल्या शिक्षकांना बाहुल्या करायला आणि वर्गात वापरायला शिकवलं, तेव्हा टाकाऊ साहित्य आणि गोष्ट एकाच बाकावर आली. तोंड उघडमीट करणारी बाहुली मराठी घरांत पोचवण्याचं श्रेय मात्र पाध्यांना द्यायला हवं. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव पुढे रामदास पाध्यांच्या हातून दूरदर्शनवर बोलू लागला, आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला त्यांचा ससा तर ज्यांनी कधी शब्दभ्रम हा शब्द ऐकला नव्हता त्यांनाही पाठ झाला.

वस्तूच्या घडणीत हा बदल लगेच वाचता येतो. कागदाची लांबट तीनपदरी घडी घाला, ती मधोमध दुमडा, दोन्ही टोकं उलटी बाहेर वळवा. वरच्या खिशात चार बोटं, खालच्या खिशात अंगठा. इथे सगळ्यात आधी तोंड तयार होतं. कान, डोळे, मिशा मागाहून डकवायच्या. पाय नसतातच, कारण हे जनावर पाटावर उभं राहायचं नाही. प्राणीही बदलले. सणांच्या दिनदर्शिकेत बैल आणि नाग होते, शेताशी ज्यांचा संबंध ते. गोष्टींतून ससा, सिंह, कोल्हा आले. शेतकऱ्याने कधी पुजला नसता असा कोल्हा आता सर्वांत लाडका, कारण त्याच्याकडे बोलण्यासारखं खूप असतं.

ही सरळसरळ आयात आहे, असं कुणी यावर म्हणेल. हातमोज्यासारखी बाहुली युरोपात जुनी आहे आणि फ्रोबेलच्या बालोद्यानात मातकामही होतं, हे नाकारायचं कारण नाही. पण तंत्र बाहेरून आलं तरी ते रुजायला हात सरावलेले लागतात. सालीच्या काडीने भेंड जोडणाऱ्या पोराला काडेपेटीला दोरा ओवायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्याला हवी होती ती फक्त वर्गात बसून कोल्ह्याच्या आवाजात मास्तरांना उलट उत्तर द्यायची मुभा.