हमीपत्राचे वाचन

साहित्याच्या वर्गात आपण कविता वाचतो, कादंबरी वाचतो, प्रसंगी बखरी आणि ताम्रपटही वाचतो. मोटारीबरोबर मिळणारे हमीपत्र मात्र सहसा कोणी वाचत नाही. आणि ते वाचले जाऊ नये अशी तजवीज दीर्घकाळ ते छापणाऱ्यांनीच करून ठेवली होती. मोटार नादुरुस्त आहे, वॉरंटीची मुदत शिल्लक आहे, तरीही विक्रेता दुरुस्ती टाळतो, हा अनुभव आपल्या परिचयाचा आहे. त्याचा इतिहास शोधू गेल्यास तो गॅरेजपेक्षा छापील मजकुरात अधिक सापडतो.

या इतिहासातील एक महत्त्वाचे पान अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले आहे. मे १९५५ मध्ये क्लॉस हेनिंग्सन यांनी मातृदिनाची भेट म्हणून पत्नी हेलन यांच्यासाठी ब्लूमफिल्ड मोटर्स या विक्रेत्याकडून क्रायस्लरची नवी प्लिमथ मोटार घेतली. ती ताब्यात आल्यानंतर दहाव्या दिवशी, जेमतेम ४६८ मैल झालेले असताना, हेलन चालवत असलेल्या मोटारीतून कडाडल्यासारखा आवाज आला, स्टिअरिंग हातातल्या हातात गरकन फिरले आणि गाडी विटांच्या भिंतीवर आदळली. मोटारीच्या पुढच्या भागाचा इतका चुराडा झाला की मूळ दोष कोणत्या भागात होता, हेही सांगता येईना.

विक्रेता आणि कारखानदार, दोघांनीही खरेदीच्या फॉर्मकडे बोट दाखवले. हा फॉर्म म्हणजे अभ्यासावी अशी संहिता होती. पुढच्या पानावर वर ठळक असलेले अक्षर सहीच्या जागेकडे येताना बारीक होत जाई. नेमकी महत्त्वाची वाक्ये सहा पॉइंटच्या टाइपात होती. मागच्या पानावर साडेआठ इंच दाट मजकूर होता आणि हमी त्यात दडलेली. तिची मुदत ९० दिवस किंवा ४००० मैल, यांपैकी जे आधी संपेल ते. सदोष भाग ग्राहकाने स्वखर्चाने कारखान्यात पाठवायचा आणि तो सदोष आहे की नाही, हे कारखान्यानेच ठरवायचे. शिवाय ही हमी अन्य सर्व हमींच्या ऐवजी आहे, म्हणजे विकलेली वस्तू वापरण्याजोगी असली पाहिजे हे कायद्याने गृहीत धरलेले आश्वासनही रद्द. देण्याच्या आविर्भावातले हे घेणे होते. दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचीही सोय नव्हती. मोटार उत्पादकांच्या संघटनेने हाच मसुदा ठरवलेला होता आणि जनरल मोटर्स व फोर्डही तोच वापरत.

९ मे १९६० रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो मला वाचनाचा नमुना वाटतो. न्यायालयाने अक्षरांचा आकार पाहिला, परिच्छेदांची जागा पाहिली आणि ज्या करारात एका पक्षाच्या हाती लेखणीच नव्हती, त्याला खुषीचा करार म्हणता येईल का, असा प्रश्न केला. गृहीत हमी नाकारणारे कलम सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून अवैध ठरले. विक्रेत्याबरोबर कारखानदारही जबाबदार ठरला. आणि हेलन या स्वतः खरेदीदार नसतानाही त्यांचा हक्क मान्य झाला.

पण न्यायालयात संहिता बदलली म्हणजे व्यवहार बदलतोच असे नाही. १९६३ च्या मॉडेलांसाठी क्रायस्लरने इंजिन व गिअरसारख्या भागांवर पाच वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी जाहीर केली आणि इतर कंपन्यांनाही पुढे त्याच वाटेने जावे लागले. वचन मोठे झाले, परंतु ते पाळायचे होते विक्रेत्याने. हमीखालच्या कामाचा मोबदला त्याला कंपनीकडून मिळे आणि तो रोखीच्या गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पैशांपेक्षा बहुधा कमी असे. वचन देणारा एक आणि तोशीस सोसणारा दुसरा, अशी ही रचना होती. ‘असा आवाज येतोच’ या उत्तराचे मूळ केवळ एखाद्या मेकॅनिकच्या आळसात नसून या हिशेबात आहे. पुढे अनेक राज्यांनी विक्रेत्याला नेहमीच्या दराने मोबदला देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, ते यामुळेच.

१९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने लेखी हमी साध्या, समजेल अशा भाषेत असावी असा दंडक घातला आणि जिंकणाऱ्या ग्राहकाला वकिलाचा खर्च मिळण्याची वाट खुली केली. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने ‘लेमन लॉ’ केला. ‘प्रामाणिक प्रयत्न’ यासारख्या निसरड्या शब्दाला त्याने आकडा दिला: एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती, किंवा एकूण ३० दिवस गाडी बंद.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्याचे व्यासपीठ दिले. तरी हमीपत्राच्या शब्दांचे वजन किती असते, हे मारुती उद्योगच्या एका खटल्यात २००६ साली दिसले: हमी भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची आहे, म्हणून संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही. २०१९ च्या नव्या कायद्याने मात्र ‘अन्याय्य करार’ ही संकल्पनाच कायद्यात आणली. उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा, तिघांच्याही दायित्वाची तरतूद केली.

या साऱ्यातून मला एकच गोष्ट जाणवते. भंगाची किंमत कोणी मोजायची हे ठरल्याशिवाय हमी हे केवळ वाक्य राहते. आणि ते ठरवून घ्यायचे तर वाचकाला लेखक व्हावे लागते. गाडी सर्व्हिसिंगला देताना आपली तक्रार जॉब कार्डवर आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी, तारखेसह तिची प्रत मागावी आणि ‘दोष आढळला नाही’ हेही लेखीच घ्यावे. तोंडी तक्रारीच्या चार फेऱ्या कोणत्याही न्यायासनापुढे शून्य ठरू शकतात. चार जॉब कार्डे ही मात्र एक संहिता असते, आणि या वेळी ती आपण लिहिलेली असते.